कॅनॉलची मोजणी

दि. ९ जून २०२५, सोमवार. सकाळी १०.४०

अडीच इंची खिळे तोलत होतो, अर्धा किलो. बेलीफ आला. धाराशिवच्या कोर्टाची नोटीस. हर्षालीचा अर्ज — घटस्फोटाची तडजोड रद्द करा!

पोटगीऐवजी तिला माझ्या वडिलांनी ठेवलेला माकणीचा प्लॉट दिला होता. नवा रस्ता तिथून जाणार, म्हणून किंमत नऊ लाख धरली. रस्ता दुसरीकडून गेला. आता त्याला अडीच लाखांवर गिऱ्हाईक नाही. म्हणते, फसवलं.

सही तिनं स्वतःच्या हातानं केली होती. मग आता हे काय? खिळे दोनदा तोलले, तरी चुकले.

१० जून

आण्णा म्हणाले, "भाव वाढला असता तर निम्मं आणून दिलं असतं व्हय तिनं? घाबरतोस कशाला, येड्या."

चुलते आहेत, दुकान त्यांचंच. त्यांचं पटलं. तरी जेवण गेलं नाही.

१२ जून

धाराशिव. शिवप्पा वकील म्हणाले, "भाव पडला म्हणून हुकूमनामा फिरत न्हाय. आधी माहीत असून लपवलं, असं निघालं तरच."

मला काय माहीत असणार! शपथपत्र टाइप झालं : रस्ता बदलल्याचं मला किंवा माझ्या कुटुंबीयांना माहीत नव्हतं. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, नीट करून घेतलं. मग सही.

१३ जून

आण्णांनी शपथपत्राची झेरॉक्स दोनदा वाचली. म्हणाले, "झकास."

२४ जून

नुसती तारीख पडली. शपथपत्र वकिलांच्या फायलीतच राहिलं. जिन्यात हर्षाली आडवी आली.

"खिळे मोजून देणारा माणूस तुम्ही. अन् रस्ता कुठनं जाणार ते ठाऊक नव्हतं? तुमचे आण्णा तीनदा आमच्या घरी आले. रोख मागू नको पोरी, प्लॉट घे, सोनं हाय ते!"

तीनदा? मला एकदाही बोलले नाहीत.

२५ जून

दुकान उघडलं नाही. जुनी वही काढली. तडजोड ४ मार्च २०२४ ची. त्याआधी १५ फेब्रुवारीचं पान, माझंच अक्षर :

"आण्णांच्या रानात मोजणी. साहेब दोघे. टेपचं टोक मी धरलं. पिवळे दगड सात. आण्णा म्हणाले, कॅनॉलची मोजणी."

त्याच सात दगडांच्या ओळीत आज नव्या रस्त्याची खडी पडली आहे.

टेप मी धरला होता!

२६ जून

आण्णांपुढं वही ठेवली. बघितलीही नाही.

"रोख नऊ लाख कुठनं आणणार हुतास? तुझ्यासाठीच केलं. नववीतनं काढून दुकानात बसवला, भाकरीला लावला, ते असं फेडणार व्हय?" मग आत हाक — "चहा टाक गं, पोरगं तापलंय."

शपथेवर खोटं बोलायला लावलं, वर चहा!

२७ जून

शपथपत्र परत घेतलं, फाडलं. जुनी वही हर्षालीच्या वकिलांना दिली, पोच घेतली. दुकानाची किल्ली आण्णांच्या खुंटीला अडकवली.

खर्च : वकील ५,०००. टायपिंग-झेरॉक्स २५०. एसटी, तीन फेऱ्या ७२०. एकूण ५,९७०.

देणं : हर्षाली — ६,५०,०००.
आण्णा — काही नाही.