तीन वाट्या

३ मार्च, सोमवार

सुमालीबाई उभ्या राहिल्या! नगराध्यक्षपदाला! चिठ्ठीत नंबरही मिळाला — तीन. बातमी आली तेव्हा माझ्या हातात मोहिंग्याच्या, आमच्या बर्मी शेवयांच्या, रश्श्याचा डाव होता. तो तसाच हातात धरून रस्त्यात नाचले. चोम म्हणाली, "आई, लोक बघतायत!" बघू देत की!

चोम पोटात होती तेव्हा विहारामागच्या शेडमध्ये याच बाईंनी माझा हात धरून थाई अक्षरं गिरवून घेतली. आज त्याच शेडमध्ये आमच्या बर्मी पोरांची शाळा भरते. आणि एक नंबरवाला, तो बर्फाच्या कारखान्याचा मालक, भोंग्यावरून उघड सांगत फिरतोय — निवडून आलो की शाळा बंद, तिथे गाड्या लावायच्या. मेल्या, तुझाच बर्फ वितळो!

५ मार्च

शेजारच्या मासेवाल्या पुआंगमावशीशी वाजलं. म्हणे, "सांदा, तू आपली शेवया वीक. आमचा नगराध्यक्ष आमचं आम्ही बघू." म्हटलं, बावीस वर्षं या बाजाराचं गटार उपसतेय, तेव्हा नाही म्हणालीस ते — आमचं गटार आमचं आम्ही बघू! सगळा बाजार हसला. तीही हसली. जाताना दोन बांगडे ठेवून गेली.

पण खरं सांगायचं तर, तिकडे ब्रह्मदेशात, दावेईला आमच्या गावात कुणी परका येऊन मुखिया कोण हवा ते शिकवायला लागला असता, तर मीच झाडू घेऊन मागे लागले असते. मग? तो परका तिथेच म्हातारा झाला असता तर? त्याच्या माणसाची राख आमच्याच समुद्रात सोडलेली असती तर? चोमच्या बाबांची मी इथे सोडली. मला काही ठरवता येत नाही.

८ मार्च

चोमनं दम भरला. "वीस तारखेला तुझी नागरिकत्वाची मुलाखत आहे. सहा वर्षं वाट बघितलीस. परदेशी माणसानं प्रचार करायचा नाही, कायदा आहे. तोवर तोंडाला कुलूप लाव."

पोरीचं बरोबर आहे. पुढच्या निवडणुकीत माझंही मत असेल. माझं! लावलं कुलूप.

९ मार्च, रविवार

कुलूप तुटलं!

काय करू? ढोल वाजत आले, बाजार नुसता दणाणला. बाई घामाघूम, अंगावर तीन नंबरचा पट्टा. नेमक्या माझ्यापुढे थांबल्या आणि म्हणाल्या, "काय गं सांदा, वाचतेस ना रोज?" बुद्धासाठी आणलेला झेंडूचा हार होता, तो सरळ त्यांच्याच गळ्यात घातला. आणि तीन बोटं वर! हात आपोआप गेला, देवाशप्पथ. किती आनंद झाला म्हणून सांगू!

१० मार्च

कारखानेवाल्याच्या भाच्यानं फोटो काढला. तक्रार केलीय — तीन नंबर परदेशी लोकांकडून प्रचार करून घेते. खरं ठरलं तर बाई बाद. चोम माझ्याशी बोलत नाही.

१२ मार्च

बाई स्वतः आल्या. मोहिंगा खाल्ला. म्हणाल्या, "विचारतील तेव्हा खरं तेच सांग. माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही." शिकवलेलं सगळं ऐकलं बाई, हे एवढं नाही ऐकणार!

१३ मार्च

निवडणूक कचेरीत चौकशी झाली. अशी नाटकी बाई आहे मी, मलाच माहीत नव्हतं!

गालांवर थनाखाचा, आमच्या बर्मी बायकांचा पिवळा लेप थापला जाडजूड. चोम शाळेत जायला लागली तेव्हा सोडला होता, पोरं तिला चिडवायची म्हणून. लुंगी नेसले. तोडकंमोडकं बोलले.

"बाईंच्या पट्ट्यावर काय लिहिलं होतं?"

"वाचता नाही येत, साहेब."

"मग हार का घातलास?"

"बाई चांगली. रोज खाते."

"आणि ही तीन बोटं?"

"तीन वाट्या, साहेब! पोरीला सांगत होते. गिऱ्हाईक!"

साहेब खो खो हसले. सही मागितली, मी अंगठा पुढे केला. चौकशीचा निकाल महिनाअखेरीस म्हणे. बाहेर आल्यावर मलाही हसू आवरेना. घरी येऊन अंगठा घासला. बाईंनी शिकवलेली सही आठवली, तेव्हा मात्र रडू आलं.

१६ मार्च, रविवार

जिंकल्या! जिंकल्या! जिंकल्या!

चोमला नागरिकत्व आधीच मिळालंय, तिनं पहिलं मत दिलं. मी दोरीपलीकडे उभी. पुआंगमावशी मत देऊन आली, माझ्यासमोर तीन बोटं नाचवून म्हणाली, "तीन वाट्या दे गं!" आता सगळा बाजार तेच म्हणतोय. आज कुणाकडूनही पैसे घेतले नाहीत. चोम बोलायला लागली.

१८ मार्च

भाचा पिसाळलाय. सांगत फिरतोय, "ती शेवयावाली पोपटासारखी थाई बोलते, लिहिते, वाचते. सगळ्यांसमोर उघडी पाडतो. मग बघू तुमची बाई कशी राहते खुर्चीवर."

परवा माझी मुलाखत. थाईतून बोलायचं, वाचून दाखवायचं, नाहीतर नागरिकत्व नाही. चोम म्हणाली, "आई, तू तुझं बघ." शेडवरून आले. पोरं पाढे म्हणत होती.

२० मार्च, गुरुवार

थनाखा लावून गेले. भाचा दाराबाहेरच्या बाकावर फोन धरून बसला होता, दार सताड उघडं. मुलाखतीचे साहेब फार भले होते. मला सोपं जावं म्हणून पहिला प्रश्न त्यांनी अगदी सावकाश विचारला, "तुमच्या गावाच्या नगराध्यक्षांचं नाव काय?"

मी हात जोडले आणि नुसती हसत राहिले.