चैत्रातलं हिरवं शेवाळ

जबलपूर,
१४ एप्रिल १९७९

चि. टिकारामास ताईचे आशीर्वाद, रागासकट.

माझी तब्येत ठीक आहे. सूनबाई मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही, एवढाच काय तो त्रास.

तू लिहितोस, “दारातल्या आंब्याले एका बाजूनं शेवाळ खाऊन राह्यलं, ताई. तोडून टाकतो.” अरे गाढवा, शेवाळ झाडाचं काही खात नाही. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. ओल मिळाली की ते नुसतं बसतं.

पण भंडाऱ्याच्या चैत्रात ओल आली कुठून? तीही एकाच बाजूला, जिथे हातमागासाठी भिजवलेलं सूत वाळवायची दोरी बांधली आहे! डॉक्टरांनी माग बंद करायला सांगितलं. “बंद केला,” असं तू चार पत्रांत लिहिलंस. आणि सूत मात्र रोज ठिबकतंय.

छातीतलं दुखणं कसं आहे? खरं सांग. तुझ्या बायकोलाही, शकुनला, मी वेगळं पत्र टाकते आहे.

आंब्याला हात लावू नकोस. दोरी सोड. पावसाळ्याआधी मी येते आहे, तेव्हा ते शेवाळ मला वाळून करडं झालेलं दिसलं पाहिजे.

तुझ्यावर चिडलेली, तुझीच,
ताई