बारीक तारा

सोमवार, ता. ३
सकाळपासून फोन बोंबलतोय आणि आमच्या सतारिया लेकाला तो उचलवत नाही! मांडी ठोकून फोनच्या शेजारी बसलाय, ढिम्म. मी गुडघे धरत पोचले तोवर बंद. मुलाला म्हटलं, "अरे, हात मोडला का?" तर म्हणे, "आई, ओरडतेस कशाला?" मी ओरडतेय!
कार्यक्रमवाले असणार. शनिवारी ह्याचं वादन. कंटाळून दुसऱ्या कुणाला बोलावतील, मग बसा.

मंगळवार
पुन्हा तार तुटली. लग्न होऊन आले तेव्हा सतार म्हणजे मला दांडा लावलेला भोपळा. आता झोपेतही सांगेन – मोठ्या तारांखाली ह्या बारीक, तरफेच्या. वरची छेडली की आपोआप गुणगुणतात. हा खुंटी पिळतो, पिळतो आणि टण्ण! मग तारवाल्याला शिव्या. तार भेसळीची म्हणे.
काल शिव्या जवारीला होत्या. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचं हाड घासून घेतलं की आवाज खुलतो. गेल्या महिन्यात घासून घेतली, परवा पुन्हा. अशानं हाड संपेल, ह्याची कुरकुर संपायची नाही.
"सतारीचा आवाज मेलाय," म्हणतो. मला तर खणखणीत ऐकू येतो. आणि ह्या घरात बहिरी कोण, तर मी!

बुधवार
सुनेला पकडलं. नवरा आंघोळीला गेला की बाई खोळ काढते आणि खुंट्या पिळते! ह्या घरात सुनांनी सतारीवरची धूळ पुसायची, बस्स. माझ्या सासूनं मला तेवढंच शिकवलं होतं.
"काय चाललंय?"
घाबरली नाही. "तुमचे चिरंजीव बेसूर करून ठेवतात, मी सुरात लावते. वर्ष होत आलं."
"मग त्याला सांगत का नाहीस?"
"तुम्हीच सांगा. त्यांचा घराण्याचा कान आहे, मी परक्या घरची."
जीभ बघा! कुणाकडून शिकली, ते विचारायला नको.

गुरुवार
फोन वाजला. मुद्दाम उचलला नाही, त्याच्या तोंडाकडे बघत बसले. पापणीसुद्धा हलली नाही. मग पाट आपटला – दचकला! जाड आवाज पोचतो, बारीक पोचत नाही. म्हणजे तारही चांगली, जवारीही चांगली. उगाच त्या बिचाऱ्यांना शिव्या.
सरळ म्हटलं, "कान तपासून घे."
"सात पिढ्या वाजवतोय आम्ही, आई!"
"पिढ्या सात असतील. कान दोनच आहेत, आणि ते तुझे आहेत."
वर्षभर सतार तुझी बायको लावतेय, हेही सांगून टाकलं. दार आपटून गेला. ते मात्र ऐकू आलं असेल.
कार्यक्रमात वाजवताना सतार मध्येच सुरातून उतरते, तिथंच सगळ्यांदेखत लावावी लागते. तिथं काही हा आंघोळीला जाणार नाही, की ही मागून खोळ काढणार नाही. भर मैफलीत तारा तोडत बसेल. आणि मग त्याला पुन्हा कोण बोलावतंय!

शुक्रवार
अबोला. जेवला नाही. मेलं कौतुक!

शनिवार, सकाळ
त्यानंच सतार सुनेपुढे ठेवली. "लाव," म्हणाला. तिला वर्षभर चोरून कराव्या लागलेल्या कामाला एवढा एक शब्द!
ती लावत होती. हा भोपळ्यावर तळहात टेकून, डोळे मिटून. तार जुळली की मान हलवायचा. प्रत्येक वेळी बरोबर.
"संध्याकाळी तिथं कोण लावणार?" तिनं विचारलं.
 

शनिवार, थोड्या वेळानं
फोन. आम्ही दोघींनी मान वळवली. त्यानं आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "वाजतोय का?"
विचारलं एकदाचं!
"वाजतोय," मी म्हटलं. "तू बस तिथंच. सूनबाई, तू उचल. सांग त्यांना, सतारवाले दोघं येतायत."