दोन पेकान, एक मूठ

१० ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

बाबांच्या परसातलं पेकानचं झाड या हिवाळ्यात तोडायचं मी ठरवलंय. पानांनी पन्हळी तुंबतात, मुळांनी फरशी उचकटली आहे. तिथे बाबांना खालच्या खाली एक खोली बांधू. त्यांच्या संमतीचा कागद सोबत आहे. पक्षाघाताच्या झटक्यानंतर सही जमत नाही, तेव्हा अंगठा चालेल. आणि तू त्यांना ते अक्रोडासारखे पेकान खायला घालतेस म्हणे. एवढं तेलकट या वयात कशाला? रागावू नकोस.

मोठेपणा तुझ्याकडे आहे, लोभही असू दे.

तुझा धाकटा

१८ ऑक्टोबर

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

रागावलेच आहे. तेलकट म्हणून नाक मुरडतोस, पण त्यातलं बहुतेक तेल हृदयाला मानवणारं असतं, शिवाय चोथा भरपूर. डॉक्टरीणबाईंना विचारूनच थोडे देते, तेही बारीक कुटून दुधात कालवून, कारण बाबांना गिळायला वेळ लागतो. बाकीचे माझ्या बेकरीतल्या पावात जातात, टरफलं कुंड्यांत. गेल्या खेपेला तुझ्या लेकीने ज्या केकचा फडशा पाडला, तो कशाचा होता वाटतं तुला?

आपले बाबा सुतार, पण पेकान फोडायला त्यांनी कधी हातोडी घेतली नाही. दोन पेकान एका मुठीत धरून एकमेकांवर दाबायचे, की एक फुटतोच. लहानपणी आपण मुठीखाली ओंजळ धरून उभे राहायचो. आता त्या लुळ्या उजव्या हाताने ते रोज तेच करत बसतात. मी मदतीला गेले की हात झटकतात. इतके दिवस काही होत नव्हतं, काल एक फुटला. मला रडूच आलं.

अंगठा मी घेणार नाही. कागद त्यांच्यासमोर ठेवलाय.

कुऱ्हाड बाजूला ठेवून लोभ करावा.

ताई

२ डिसेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, लावून घे. खोली नको, जिना मी चढतो. झाड मी लावलंय आणि माझ्यादेखत ते पडणार नाही. पन्हळी तुंबल्या तर येऊन साफ कर, जाताना पिशवीभर पेकान ने.

तुझा कागद कोराच परत पाठवतोय. त्यावर अंगठा नाही आणि सहीही नाही. सही आता जमते मला. या पत्राखाली बघ. ताईने हात धरलेला नाही.

तुझे बाबा