कोरडा झाडू

४ नोव्हेंबर

आज सिस्टरने वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, "इथं कोरडा झाडू कोण मारतं?"

मी म्हटलं, मी. जरा अभिमानानेच म्हटलं. रोज सकाळी सातला येऊन झाडतो, नऊ वर्षं झाली, खंड नाही.

ती इस्पितळात छातीच्या वॉर्डात असते, म्हणून आम्ही सगळे तिला सिस्टरच म्हणतो. चाकावर तिचा मातीचा गोळा अजून मध्यावर बसत नाही, नुसता डुलत राहतो. पण आज तिचा आवाज शिकणाऱ्या बाईचा नव्हता. म्हणाली, "काका, मातीकामाच्या खोलीत कोरडं झाडायचंच नसतं. ओल्या फडक्याने पुसायचं. ही बारीक धूळ तासन् तास हवेत राहते. छातीत गेली की परत निघत नाही."

ड्रायव्हरकाका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "म्हणजे आमचे नळवाले सकाळी धूळ वाढून ठेवतात आणि आम्ही पंगतीला येतो."

सगळे हसले. मीही हसलो.

शिकवणाऱ्या बाई साडेसातला येतात – यायच्या.

५ नोव्हेंबर

सात ते साडेसात. एवढंच डोक्यात फिरतंय.

बाईंचं चाक पूर्वेच्या खिडकीशी. झाडून झालं की मी खिडकी लावून घ्यायचो, वाऱ्याने ओली भांडी तडकू नयेत म्हणून. मग त्या येऊन बसायच्या. कवडशात कण तरंगताना दिसायचे. एकदा म्हणाल्या होत्या, "नळवाल्या, बघ, सोनं उडतंय."

मार्चमध्ये डॉक्टरांनी सांगितलं – धूळ बसून बाईंची फुप्फुसं कडक झाली आहेत, आता उलटं फिरायचं नाही. आम्ही म्हटलं, चाळीस वर्षं मातीत काढली, दुसरं काय होणार. मीच सगळ्यांना समजावत फिरलो.

चाळीसातली शेवटची नऊ माझी.

७ नोव्हेंबर

झाडू कचऱ्यात टाकला. बादली आणि फडकी आणली. गुडघ्यांवर बसून सगळी फरशी पुसली, तीनदा पाणी बदललं. झाडताना नाम आपोआप सुरू व्हायचं. आज ओठ हलले नाहीत.

गावच्या शाळेत प्रार्थनेआधी वर्ग झाडायची पाळी असे. माझ्या पाळीला मास्तर पाठ थोपटायचे. तेवढं एकच काम मला नीट येतं असं मी धरून चाललो. नऊ वर्षांपूर्वी इथलं बेसिन मातीने तुंबलं होतं, ते मोकळं करायला आलो आणि हत्यारं आवरून झाली तरी चाक बघत उभा राहिलो. बाई म्हणाल्या, "उभा काय राहिलास? बस." दुसऱ्या दिवसापासून झाडायला लागलो. त्यांनी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आपल्याकडून काहीतरी सेवा.

सेवा!

११ नोव्हेंबर

काल वर्ग नव्हता. कुलूप मीच लावलेलं, आज मीच उघडलं. बाईंच्या स्टुलावर धुळीचा पातळ थर. पुसला. वर्ग सुटल्यावर पाहिलं तर पुन्हा. बोट फिरवलं, रेघ उठली.

सिस्टर म्हणाली, पंख्यावरून पडत असेल, वरच्या फळ्यांवरून पडत असेल.

असेल.

दुपारी एकटाच चाकावर बसलो. गोळा मध्यावर आणत होतो, तोच मागे खोकल्याचा आवाज आला. बाईंचा खोकला मी ओळखतो – आधी एक, मग दोन लागोपाठ. मागे वळून पाहायचं धैर्य झालं नाही. हात हलला आणि गोळा चाकावरून निसटून भिंतीला चिकटला. तो तसाच ठेवून घरी आलो.

१४ नोव्हेंबर

बाईंच्या घरी गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो.

त्यांच्या लेकीने दार उघडलं. हळूच म्हणाली, "फार बोलायला लावू नका हं, दादा." बाई उशांना टेकून बसल्या होत्या, नाकात नळी. कोपऱ्यात प्राणवायूचं यंत्र घुमत होतं. मोकळं चाक असंच घुमतं.

"काय रे नळवाल्या, गुरुवारचा वर्ग कोण घेतं?"

"कुणी नाही, बाई."

"मग तू घे."

"मला कुठं येतं शिकवायला."

"मला तरी कुठं येत होतं?" एवढं बोलून थांबल्या. पुढचं वाक्य यायला बराच वेळ लागला. "माती मळताना घाई करू देऊ नकोस कुणाला. हवा राहते आत. भट्टीत फुटतं मग."

प्रत्येक श्वासाला खांदे वर जातात. मी खांद्यांकडेच बघत बसलो. चहा झाला, निघालो. जिन्यात आठवलं की बोलायला आलो होतो. खोटं कशाला लिहू – आठवत होतंच.

१८ नोव्हेंबर

पहिला वर्ग घेतला. "कोपर मांडीला टेकवा. दाबू नका, धरून ठेवा. माती दमली की आपणच मध्यावर येते." सगळी बाईंची वाक्यं, माझ्या तोंडून त्यांच्याच लयीत. ड्रायव्हरकाकांच्या हातांवर हात ठेवले तर माझे हातही तसेच पडले, डावा अंगठा आत वळलेला. क्षणभर कळेना कोण शिकवतंय.

काकांचा वाडगा उभा राहिला. वाकडा, पण उभा. म्हणाले, "तीस वर्षं स्टिअरिंग धरलं, पण हे जास्त ओढतं."

घरी बायकोला सगळं सांगितलं. पोळ्या लाटता लाटता तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सांगायचं तर सांगा. पण सांगून बरं कुणाला वाटणार – त्यांना, का तुम्हाला?"

 

२१ नोव्हेंबर

गेलो. नाही सांगितलं.

२५ नोव्हेंबर

सिस्टरने आम्हा सगळ्यांना छातीचा फोटो काढायला नेलं. थंडगार काचेला छाती लावून उभा राहिलो. आतून हाक आली, श्वास रोखून धरा.

देवापाशी एक गोष्ट मागितली. ती इथेही लिहिता येत नाही.

नाही, लिहितो. म्हटलं, माझ्याही छातीत डाग दिसू दे.

२८ नोव्हेंबर

सगळ्यांच्या प्लेटा साफ. माझीही.

डॉक्टर म्हणाले, "नशीबवान आहात, नऊ वर्षं झाडत होतात म्हणे." मी सांगितलं, झाडताना मला शिंका यायच्या, म्हणून नाकातोंडावर ओला रुमाल बांधायचो. झाडून झालं की दारापाशीच सोडून धुवायला टाकायचो. ते म्हणाले, "शहाणपणा केलात. देवाचे आभार माना."

बायकोने मानले. मी देवासमोर बसलो आणि उठलो.

स्वतःचं नाक बांधलं होतं. बाईंच्या नाकाचा विचार नऊ वर्षांत एकदाही मनात आला नाही.

२ डिसेंबर

आज सांगणारच होतो. प्लेट पिशवीत घालून नेली, का नेली ते कळत नाही. बसलो. "बाई" एवढंच म्हटलं.

त्या म्हणाल्या, "फोटो काढलास?"

"काढला."

"मग?"

"साफ आहे." प्लेट पिशवीतून काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

त्यांनी डोळे मिटले. कडेने पाणी आलं. लेक पुढे आली तर हाताने तिला लांब केलं. मग थांबत थांबत बोलल्या. मध्ये यंत्र घुमत होतं.

"मला माहीत होतं. कोरडं झाडू नये हे. मला पहिल्या वर्षी शिकवलेलं. तू पहिल्या दिवशी झाडत होतास तेव्हा मी दारात उभी होते. काहीतरी पुटपुटत झाडत होतास, देवघर झाडावं तसं. म्हटलं, आज नको, उद्या सांगू. मग उद्या. मग सांगायची लाज वाटायला लागली, इतके दिवस का गप्प बसलात म्हणून विचारशील. तुझी छाती गेली असती तर माझ्यामुळे गेली असती. महिनाभर लेकीला विचारतेय, त्याने फोटो काढला का."

मग म्हणाल्या, "माफ कर मला."

मी माफी मागायला गेलो होतो. "अहो, असं काय बोलता" एवढं म्हणायला काय लागतं? ते तोंडातून निघेना. नऊ वर्षं दारात उभं राहून बघितलं या बाईने! पिशवी उचलली आणि निघून आलो. प्लेट तिथेच खुर्चीवर राहिली.

३ डिसेंबर

सकाळीच गेलो. म्हटलं, "बाई, काल मला तुमचा राग आला."

"मलाही येतो तुझा," त्या म्हणाल्या. "श्वास घेताना येतो."

खुर्ची पलंगाजवळ ओढली. जेवणवेळेपर्यंत बसलो.