साहेब सुखरूप पोचले

दि. ९ मार्च

चि. जावईबापू यांस,

अनेक आशीर्वाद. इथे आम्ही चौघेही ठणठणीत आहोत. चौघे म्हणजे तुमची बायको, मी, साहेब आणि कारकून. तुम्ही कामासाठी बाहेरगावी जाण्याआधी अंगणात बांधून ठेवलेला हौद साहेबांना पसंत पडलेला दिसतो. पहिले दोन दिवस कोपऱ्यात तोंड फुगवून बसले होते. काल सकाळी मी काठाशी उभा राहिलो, तर मिशा हलवत वर आले आणि थेट माझं बोट तोंडात धरलं. कारकून नेहमीसारखा दोन वीत मागे. चांगला हातभर लांब मासा, पण साहेबांच्या पुढे जायची त्याची अजून हिंमत नाही.

तुम्ही पाठवलेला नवा पंप आज पोचला. सोबतची माफीची चिठ्ठीही वाचली. पत्र त्यासाठीच लिहायला घेतलंय, पण आधी प्रवासाचं सांगतो, कारण फोनवर तुम्हाला निम्माच प्रवास ऐकायला मिळाला.

तुमचा अकरा सूचनांचा कागद मी स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवला होता. झाकणाची दोन मोठी पिंपं, एकेकात एक मासा, निम्मं पाणी, वर मोकळी जागा, बॅटरीवरचे पंप, उजेड आत जाऊ नये म्हणून जाड चादरी, शिवाय त्यांच्याच जुन्या हौदातल्या पाण्याचे चार कॅन. टेंपोवाल्याने विचारलं, एवढं जपून काय नेताय? मी म्हटलं, माझे साहेब आहेत. त्याने झाकण उचलून आत पाहिलं, साहेबांनी वर पाहिलं, आणि त्यानंतर त्या भल्या माणसाने टेंपो असा चालवला की सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते. खड्डा आला की मागे न वळताच म्हणायचा, "माफ करा, साहेब." मी हसून हसून बेजार. स्वतःचं घर सोडून तुमच्याकडे राहायला निघाल्याचं दुःख करायलाही सवड मिळाली नाही.

दुपारी दोनला चहासाठी थांबलो. साहेबांच्या पिंपाचं झाकण उघडलं तर पाणी गढूळ, वर फेस, आणि साहेब एका कुशीवर. कँटीनमध्ये चारशे माणसांचा भात करपला तेव्हाही मी असा घाबरलो नव्हतो. तुमचा नंबर मला दाबता येईना, तो टेंपोवाल्याने लावून दिला. सहा वर्षांत मी तुम्हाला केलेला तो पहिला फोन. तुम्ही मात्र आपण रोजच बोलतो अशा आवाजात कामाला लागलात. निम्मं पाणी काढा, कॅनमधलं हळूहळू ओता, मिनिटाला कल्ले किती वेळा उघडतात ते मोजून सांगा. मग पुढचे पाच तास दर अर्ध्या तासाला तुमचा फोन, टेंपो कडेला, आणि पिंपात डोकं घालून माझी मोजणी. संध्याकाळी साहेब सरळ झाले आणि त्यांनी शेपटीने पाणी उडवून मला भिजवलं, तेव्हा टेंपोवाला माझ्या गळ्यातच पडला. दोघे रस्त्यावर लहान पोरांसारखे नाचलो. हे मी मुलीलाही सांगितलेलं नाही.

आता जे तुम्हाला सांगितलं नाही ते.

पाणी एवढं कशाने बिघडलं असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मी पंपावर ढकललं. बंद पडला असेल, म्हणालो. तुम्ही म्हणालात, "माझीच चूक, बाबा. मी नीट तपासून द्यायला हवा होता." पंप क्षणभरही बंद पडला नव्हता. आता मुलीकडून कळतंय की त्यापायी तुम्ही पंपवाल्या जुन्या मित्राशी भांडलात आणि बोलणं टाकलंत. पत्र वाचून झाल्यावर आधी त्याला फोन करा. त्याचा काही दोष नाही.

दोष माझा. तुमची तिसरी सूचना होती, निघण्याआधी दोन दिवस माशांना खायला घालू नका. पोट भरलेलं असलं की ते वाटेत पाणी घाण करतात आणि त्याच पाण्यात गुदमरतात. मी एक दिवस पाळलं. निघायच्या दिवशी पहाटे दोघेही काठाशी येऊन तोंडं उघडून बसले. मी तीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक केला, पहाटेच्या पाळीच्या एकाही माणसाला रिकाम्या पोटी कामावर जाऊ दिलं नाही. मी वाटाणे उकडले. कारकुनाने चार खाल्ले, साहेबांनी वाटी संपवली. नुसती माया असती तर एक वेळ चाललं असतं, पण मासे विकणाऱ्या माणसाने मला खाण्यापिण्याचं शिकवावं, हेही झेपलं नव्हतं.

माशांची एवढी काळजी असलेल्या माझ्या घरातून दोन माणसं मात्र उपाशी गेली आहेत. लग्न करून तुम्ही दोघं दारात आलात ती सकाळ तुम्ही विसरला नसाल. तुमच्या हातात पिशवी होती, तिच्यात बोटाएवढे दोन मासे, हेच आजचे साहेब आणि कारकून. तुम्ही येणार हे मला माहीत होतं. पहाटे उठून मी सगळं रांधून ठेवलं होतं, तीन ताटंसुद्धा पुसून ठेवली होती. पण माझ्या शिकलेल्या मुलीने मासेवाला निवडला, हे मनातून जाईना, आणि मी तुम्हाला "बसा" म्हटलं नाही. तुम्ही पिशवी टेबलावर ठेवलीत आणि दोघं उभ्या उभ्या परत गेलात. ते अन्न मी दोन दिवस एकट्याने गरम करून खाल्लं. त्याबद्दल तुम्ही दोघांनी मला आजवर एका शब्दाने विचारलं नाही. आणि आता मी तुमच्याच घरात, तुम्ही माझ्यासाठी रंगवलेल्या खोलीत बसून हे लिहितोय. मला लाज वाटते, जावईबापू. फोनवर हे माझ्या तोंडून निघालं नसतं.

शनिवारी तुम्ही परत येताय असं कळलं. तुम्हाला काहीही चालतं, असं मुलगी म्हणते. काहीही चालणारी माणसं मी तीस वर्षं पाहिली आहेत. प्रत्येकाला एखादी गोष्ट मनापासून आवडते, आणि विचारल्याशिवाय तो ती सांगत नाही. म्हणून विचारतो. तुमच्यासाठी काय करू? दोन गोष्टी असतील तर दोन लिहा. लाजू नका, लाजायचं काम सध्या माझ्याकडे आहे.

सहा वर्षं उशिरा,
तुमचा सासरा