रावस म्हणून दाखवलेला दाढा

आये, तुला जाऊन दहा वर्षं झाली आणि मी अजून लोकांना वेबसाइटच सांगत बसले आहे. कामोठ्याच्या ज्या क्लासमध्ये मी शिकवते, तिथे दर शनिवारी फळ्याच्या कोपऱ्यात एक पत्ता लिहिते. कधी जुन्या नकाशांचा, कधी पक्ष्यांच्या आवाजांचा, कधी घरच्या घरी करायच्या प्रयोगांचा. मुलं तर बघतातच, पण त्यांच्या आयाही फोन करून विचारतात, या शनिवारी काय सांगितलंत म्हणून. माझ्या सांगण्याला वजन आहे, हे मी न लाजता म्हणते. उगाच विनय दाखवणं तुलाही कुठे जमायचं? मासा ताजा असला की तू ते अख्ख्या मासळी बाजाराला ऐकू जाईल असं सांगायचीस.

हे वजन मला तुझ्यामुळे आलं. तेव्हा पनवेलच्या एका साप्ताहिकात माझं सदर यायचं, जिज्ञासू वाचकांसाठी दर आठवड्याला एक वेबसाइट. समुद्रातल्या माशांच्या एका साइटवर मी लिहिलं, ते छापूनही आलं, आणि मोठ्या तोऱ्यात मी तुला बाजारातून उठवून सायबर कॅफेत नेलं. तू चपला दाराबाहेर काढल्यास. कॅफेवाल्याला माशांचा वास खटकला असणार, पण तू खुर्चीत ऐसपैस बसल्यावर त्याची बोलायची काय बिशाद! तुला अक्षर येत नाही, म्हणून मी एकेक फोटो उघडते आहे आणि खालचं नाव वाचून दाखवते आहे. बोंबील बरोबर, हलवा बरोबर. मी रावस म्हणते आणि तू थेट पडद्यावर बोट ठेवतेस.

"ह्यो रावस नाय. दाढा हाय."

एखादं चुकलं असेल, मी म्हटलं, बाकी साइट चांगली आहे. दाढा आणि रावस दिसायला भाऊ-भाऊ, पण गिऱ्हाइकाला दाढा रावस म्हणून खपवणाऱ्या बाईशी तू महिनाभर बोलायची नाहीस, हे मी विसरलेच होते. साइट करणाऱ्यांवर तू रागावली नाहीस. त्यांना कोणी सांगितलं नसेल, म्हणालीस. रागावलीस ती माझ्यावर. घरात मासे ओळखणारी आई असताना तिला न दाखवता मी गावभर सांगून मोकळी झाले होते.

"आपल्याला ठावं हाय ते पयलं इचारायचं. ते खरं निंगालं त मंग बाकीचं मानायचं," तू म्हणालीस. आणि उठता उठता, "आता पेपरात लिव, माजं चुकलं."

तेच मी आज मुलांना शिकवते. तळोज्याची एक मुलगी मी सांगितलेल्या साइटवर आधी आपलं गाव शोधते, आणि गावाला वेढून असलेल्या कारखान्यांचा तिथे उल्लेखसुद्धा नाही म्हणून तो पत्ता माझ्याकडून फळ्यावरून पुसून घेते. मी पुसते. माझं चुकलं, असं सगळ्यांसमोर सांगते. आता ते सोपं जातं.

तेव्हा जात नव्हतं. पुढच्या आठवड्याचा अंक मी तुझ्या हातात दिला आणि म्हटलं, छापलं बघ. तू पदराला हात पुसलेस, माझं सदर कापून घ्यायला लावलंस आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेच्या बटव्यात ठेवलंस. पुढे गिऱ्हाइकांना ते काढून दाखवायचीस. माझ्या पोरीची चूक झाली आणि तिनं ती चारचौघांत कबूल केली, असं सांगायचीस. तुझ्या शब्दावर सगळे मान डोलवायचे. उघडून वाचलं कोणीच नाही. तू गेलीस तेव्हा ते बटव्यातच होतं. आता माझ्या कपाटात आहे. साप्ताहिक बंद पडलं, ती साइटही उघडत नाही, त्यामुळे चूक कळवायला जागाच उरली नाही. हे पत्र घडी करून त्याच पिशवीत ठेवणार आहे.

आये, त्या कात्रणात चांदण्यांच्या वेबसाइटविषयी लिहिलेलं आहे. रावसाचं त्यात काही नाही.